आईचे भरलेले गाल
आईचा हा भरल्या गालांचा फोटो पुसताना माझा हात थांबतो. सांधेदुखीच्या गोळ्या डॉक्टरांनी दहाच दिवसांसाठी लिहिल्या होत्या. मी त्याच चिठ्ठीवर अमडापूरच्या औषधाच्या दुकानातून वर्षभर आणत राहिलो. गुडघे दुखायचे थांबले, चेहरा गोल झाला. मेथी निंदणाऱ्या बाया म्हणायच्या, "तब्येत सुधरली वं माय तुही!" आई लाजायची. पुढे तपासायला नेलं तेव्हा बुलढाण्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "ही तब्येत नाही, गोळ्यांची सूज आहे. चालू ठेवल्या तरी धोका, एकदम बंद केल्या तरी धोका." बाहेर बाकावरून आईनं विचारलं, "काय म्हन्ते डॉक्टर?" मी म्हणालो, "तू चांगली दिसून राह्यली म्हन्ते." ती हसली. ती गेल्यावर हार घालायला सगळ्यांनी हाच फोटो निवडला, यात ती ठणठणीत दिसते म्हणून. फ्रेमही मीच करून आणली.