राहिलेला अभ्यास

ठाकुर्लीला आमच्या समोर राहणाऱ्या वहिनींची लेक माझ्या मुलीच्याच वर्गात, महापालिकेच्या शाळेत आहे. तिची शाळा एक दिवस बुडाली तरी वहिनींचा जीव खालीवर होतो. "अगं, आज काय काय लिहून दिलं? फोटो टाक ना पटकन," असं त्या दारातूनच सुरू करतात. मी चिडते आणि तरी पाठवते.

परवा तापामुळे त्यांच्या लेकीला ॲडमिट केलं, तेव्हा त्यांनी मला माझ्या मुलीच्या वह्या घेऊनच बोलावलं. मी पोचले तर सिस्टर सलाईन लावायला आल्या होत्या.

"डाव्या हाताला लावा हं," वहिनी घाईघाईने म्हणाल्या, "उजव्याने तिला राहिलेला अभ्यास लिहायचाय."

लेकीने माझ्या हातातल्या वह्यांकडे पाहिलं आणि चादरीतून उजवा हात काढून सिस्टरपुढे धरला.