उन्हाकडं पाठ केलेलं घर

मी निघाले तेव्हा ऐन मे महिना होता. मंगळवेढ्याच्या एसटी स्टँडवर डांबर चपलेला चिकटत होतं. आई पदरानं माझं तोंड पुसत म्हणाली, "जा बाई, तितं इंग्लंडात ऊन न्हाय म्हणं. सुटलीस तू." निरोपाला आलेले तुम्ही सगळे गावकरी हसलात. आपल्या सोलापूरकडच्या माणसाला उन्हापासून सुटका म्हणजे केवढी चैन!

पहिल्याच हिवाळ्यात माझी ती मस्ती जिरली. पुढच्या हिवाळ्यात आई आली. आमच्या भाड्याच्या घराच्या भिंती ओलसर. हीटर कायम चालू, तरी तिचे गुडघे आखडलेले. अंगात स्वेटर, वर शाल, शालीवर माझा कोट. ठरल्या तारखेआधीच परत निघाली. विमानतळावर म्हणाली, "तूच येत जा गावाकडं. माझ्यानं हितं न्हाय व्हायाचं." ते मला फार लागलं. आईला जिथं राहवत नाही, ते कसलं माझं घर?

म्हणून स्वतःचं घर घ्यायची वेळ आली तेव्हा नवऱ्याला बजावलं, आईला मानवेल असंच घ्यायचं. घरं बघत होतो ती इथल्या उन्हाळ्यात. एका जुन्या दगडी घरात शिरले आणि जीव सुखावला. दारात मोठं झाड, बैठकीत उन्हाचा कवडसासुद्धा नाही. "अहो, किती गार आहे!" मी म्हटलं. आपल्याकडं घर बघताना दुपारचं ऊन कुठून येतं ते आधी बघतात, आणि येत नसलं की खूश होतात. नवरा जेऊरचा, म्हणजे माझ्यासारखाच भाजून निघालेला. तोही खूश.

घरी येऊन सरकारी वेबसाइटवर त्या घराचा पत्ता टाकला. इथं विकायला काढलेल्या घराचा ऊर्जेचा दाखला असतो. घर ऊब किती धरतं, कुठून घालवतं, सगळं त्यात. ना लॉगिन, ना ओळख, कुणीही बघावं. मला याचं अजून भारी कौतुक वाटतं. एजंट गोड बोलतो, दाखला कुणाची भीड ठेवत नाही. आमच्या लाडक्या घराला सगळ्यात खालची लाल पट्टी! भिंतींना अस्तर नाही, छपरातून ऊब निघून जाते. मी कपाळावर हात मारला. आईला फ्रीजमध्ये ठेवायला निघाले होते की मी!

नंतर दाखला बघितल्याशिवाय एकाही घराची पायरी चढले नाही. शेवटी मिळालं ते दिसायला ठोकळा, पण दाखला हिरवा. बैठकीत दिवसभर ऊन. "आपल्याकडं असलं घर फुकट दिलं तरी कोण घेणार नाही," नवरा म्हणाला. आम्ही घेतलं.

आईला परत यायला तयार करताना नाकी नऊ आले. आली ती भर जानेवारीत. दुपार झाली तसं सवयीनं तिनं पडदे ओढले. मी उघडले. तिनं भिंतीवरून हात फिरवला, शाल काढून ठेवली आणि खुर्ची उन्हात ओढून पाय पसरून बसली. "लई ग्वाड ऊन हाय गं हितलं," म्हणाली. तिच्याकडं बघून मला इतकं बरं वाटलं!

तुम्ही फोनवर विचारता, तिकडं करमतं का? तुमच्यातले जे इथं आलेत, तेही एकमेकांना हेच विचारतात. मला आजवर नीट उत्तर देता आलं नव्हतं. परवा गावाकडून भावाचा फोन आला. मी भाकरी थापत होते, आईनं उचलून स्पीकरवर टाकला. "कुटं हायस आई?" त्यानं विचारलं.

"कुटं असणार?" आई म्हणाली. "घरी हाय की."

तव्यावरची भाकरी करपली, तरी मला ती उलटायचं भान राहिलं नाही.