भिंतीपलीकडची टकटक

कुडाळ शहर संपतं तिथे, हायवे ओलांडल्यावर, आमची वसाहत लागते. वीसेक बंगले, त्यातले पाच-सहाच उघडे. बाकीच्यांचे मालक मुंबईला. गणपतीला आणि मे महिन्यात येतात, झाडलोट करतात, पुन्हा कुलूप लावून जातात. आमचा जोडबंगला, म्हणजे मधली भिंत एकच. अलीकडे मी, पलीकडे काका. काका म्हणजे शेजारी. नात्याचे कोणी नव्हेत. तीस वर्षं त्यांनी आंब्याचे ट्रक चालवले. बायको वारलेली, मुलगा पुण्याला.

माझा नवरा जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. सकाळी टीव्ही लावायचा आणि झोपताना बंद करायचा, एवढं मला जमत होतं. काय लागलंय ते मी बघत नव्हते. भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, रडून मोकळी हो. मी मान हलवायचे. दुःख होत होतं असंही म्हणता येणार नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की हिरडी आपली वाटत नाही, तसं सगळं अंगच झालं होतं.

काकांशी रोज सकाळी कुंपणावरून दोन शब्द व्हायचे.

"पाणी इला गो?"

"इला."

की संपलं.

एका सोमवारी जेवण झाल्यावर भिंतीतून टकटक ऐकू आली. तीन-चार ठोके, मग शांत, मग परत. काकांनी नळाचं काम काढलं असेल, असं मी धरून चालले. पण नळवाल्याची गाडी बाहेर नव्हती, हे मला खिडकीतून दिसत होतं. तासाभराने मी उठलेसुद्धा. दारापर्यंत गेले. फक्त चपला घालायच्या होत्या. तिथे थोडा वेळ उभी राहिले आणि परत येऊन सोफ्यावर बसले. का, ते मला आजही सांगता येत नाही. कंटाळा नव्हता, भीतीही नव्हती. पाय पुढे गेले नाहीत, इतकंच. दिवेलागणीपर्यंत ठोके येत राहिले. मग त्यांच्यातलं अंतर वाढत गेलं.

मंगळवारी सकाळी मासेवाली स्कूटरवरून आली. तिने काकांच्या दारात दोनदा हाक मारली आणि माझ्याकडे वळली.

"वैनीनू, काका खंय गेले? चपला तर भायर आसत."

त्यांच्या घराची जादा किल्ली आमच्याकडेच असायची, फ्रिजशेजारी खिळ्याला. ती काढून मी पलीकडे गेले. दार उघडलं तर काका न्हाणीघराच्या बोळात आडवे पडलेले. खुबा मोडला होता. हातात स्टीलचा तांब्या होता आणि त्याची कड चेपून आत गेली होती. मधल्या भिंतीला ठोक्यांच्या जागी रंगाचे टवके उडाले होते. मासेवालीने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, चमच्याने पाणी पाजलं. मी फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, पत्ता नीट सांगितला, गेट उघडून ठेवलं.

"बरा झाला तुमच्याकडे किल्ली होती," ती जाताना म्हणाली.

काकांना गोव्याला नेलं. ऑपरेशन झालं आणि मुलगा तिथूनच त्यांना पुण्याला घेऊन गेला. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मुलाने आभार मानले. मी ते ऐकून घेतले.

तीन महिन्यांनी दोघं घर आवरायला आले. मुलगा आत सामान बांधत होता. काका वॉकर धरून माझ्या पडवीत आले आणि खुर्चीवर बसले. चांगलेच वाळले होते. मी सरळच बोलले.

"काकानू, त्या दिवशी माका आवाज येत होतो. दुपारपासून."

"माका म्हायत आसा," ते म्हणाले. "तुझो टीव्ही माका ऐकाक येत होतो. तू घरात आसस, ह्या माका कळत होता."

"राग नाय इलो?" मी विचारलं.

"इलो ना. हास्पिटलात रोज येत होतो." ते रस्त्याकडे बघत राहिले. "आमची ही गेली तेव्हा वरीसभर माझापण असाच होता. कोण दार वाजवता ता ऐकाक येत होता, पण उठाक जमत नाय होता. मगे राग धरून काय करू?" मग म्हणाले, "चाय टाक. साखर कमी घाल."

मी चहा टाकला. आम्ही तो प्यायलो. त्यांनी मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा आता तरी आपण रडू, असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मी पडवी झाडली.

आता पलीकडे बँकेत नोकरी करणारी एक मुलगी भाड्याने राहते. ती आली त्या पहिल्या रविवारी मी चपला घालून तिच्या दारात गेले, एका कागदावर माझा नंबर लिहून दिला आणि म्हटलं, "काही लागलं तर भिंत वाजव, पण आधी फोन कर. मी कधी कधी उठत नाही."

ती गोंधळून हसली. आतून तिच्या कुकरची शिट्टी झाली आणि ती गॅस बंद करायला पळाली.