पालथं फुलपात्र

माझ्या सासूबाईंना आम्ही घरात अत्ती म्हणायचो. माहेर कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीचं, त्यामुळे आमच्याशी मराठी आणि महादेवाशी कानडी, अशी त्यांनी वाटणी केली होती. आमच्या वाट्याला कानडीतला एकच शब्द यायचा. वाढताना ताटावर हात आडवा धरून त्या 'साकु' म्हणायच्या, म्हणजे पुरे.

गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असायचं. सकाळी ते तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घ्यायच्या नाहीत. आमच्या लिंगायत घरात सगळ्यांचंच तसं. फक्त माझी पूजा चटकन उरकायची आणि त्यांची उरकता उरकत नसे. त्यांचा देव सारखा बघत असायचा. दूध उतू गेलं तरी त्याला काहीतरी कारण असायचं, आणि ते कारण बहुतेक वेळा मी असायची.

दुष्काळातला उन्हाळा होता तो. मला सातवा महिना. नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. एका दुपारी दारात एक मेंढपाळ बाई उभी राहिली. जनावरं विकून शहरात कामाला आलेली असावी. "तांब्याभर पाणी द्या की," म्हणाली. अत्तींनी रांजणात डोकावून पाहिलं. तळाशी होतं तेवढं त्यांनी माझ्यासाठी राखलं होतं.

"न्हाय बाई, फुडं बघ."

बाई काही न बोलता गेली. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला नंतर कितीदा वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अत्तींच्या गळ्यात डबी नव्हती. अंथरुणं झटकली, मोरी उपसली, भांडी घासायची राख चाळली. सासरे नवी पेठेतलं कापडाचं दुकान बंद करून आले आणि कधी नव्हे ते वाकून पलंगाखाली बघू लागले. डबी कुठेच नव्हती. नळावरच्या रेटारेटीत दोरा तुटला असणार, असं मी म्हणाले. अत्तींनी ते कानाआड केलं.

"हरवलं न्हाय. त्यो गेला. पाण्याला न्हाय म्हटलं की मी."

लिंग नाही तर अन्न नाही, पाणी नाही. त्यांनी आपलं फुलपात्र पालथं घातलं आणि भिंतीला टेकून बसल्या. आमच्या घरची पूजाअर्चा बघणारे स्वामी आले. नवं लिंग बांधतो म्हणाले, यात काही वावगं नाही. अत्तींनी त्यांना हात जोडले आणि मान हलवली.

"त्यो रागावलाय. दुसरं बांधून त्याला फशिवू व्हय?"

स्वामी तिथेच बसकण मारून बसले, शेजारी सासरे.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांचे ओठ फुटले. हाक मारली तर डोळे उघडायच्या, तेही कष्टानं. बाई डोळ्यांदेखत जाणार हे दिसत होतं, आणि सगळे तिच्याभोवती भजनाला बसल्यासारखे बसून होते. माझं डोकं फिरलं. मी माझं फुलपात्र आणून त्यांच्या फुलपात्राशेजारी पालथं घातलं.

"ते पाणी माझ्यासाठी राखलं होतं ना? मग पाप माझंपण."

"खुळी हायस का? पोटुशी बाई तू."

"ते तुमच्या देवाला सांगा."

पत्र्यावरचं ऊन उतरता उतरेना. जीभ टाळ्याला चिकटली, कानात घूं घूं सुरू झालं. सकाळपासून लाथा मारणारं पोटातलं बाळ एकदम शांत झालं. माझा हात आपोआप पोटावर गेला. अत्ती भिंतीशी सरकत सरकत माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. आत काहीच हललं नाही.

"पाणी आणा," त्या सासऱ्यांना म्हणाल्या.

फुलपात्र आधी माझ्या तोंडाशी आलं. मी दात आवळले. आधी तुम्ही, अशी खूण केली. त्यांनी वर बघितलं.

"काय शिक्षा घालायची ती माझ्यावर घाल," म्हणाल्या, आणि या वेळी मराठीत. "पोरावर नगं." मग त्या प्यायल्या, आणि मी प्यायले.

संध्याकाळी स्वामींनी त्यांना नवं लिंग बांधलं. मला मुलगा झाला, चांगला धडधाकट. मला वाटलं, मी जिंकले. कसलं काय! पोराला ताप आला, कांजिण्या आल्या, पायरीवरून पडून ओठ फुटला, की अत्तींचं फुलपात्र पालथं. त्यांनी मागून घेतलेली शिक्षा नातवाकडे चालली आहे, ती वाटेतच अडवायची, एवढंच त्यांना कळत होतं. मी भांड भांड भांडायची आणि त्या निमूट ऐकून घ्यायच्या. त्यांचा खटला जिथे चालला होता तिथे मला कोण विचारतंय!

मुलगा चार वर्षांचा असताना त्याला सडकून ताप भरला. अंग नुसतं भाजत होतं. मी गोळी चुरून पाणी घेऊन गेले, तर त्यानं तोंड फिरवलं. त्याचं छोटं फुलपात्र उशाशी पालथं होतं.

"आजी पीत न्हाय," तो म्हणाला. "मी पण न्हाय. देव रागावलाय."

एरवी मी फाडकन बोलले असते. त्या दिवशी मला भीतीच वाटली. मी अत्तींकडे बघितलं. त्या कोपऱ्यातून उठल्या. आधी त्याचं फुलपात्र सरळ केलं, मग आपलं. दोन्ही काठोकाठ भरली. आपलं फुलपात्र त्यांनी उचललं आणि दुसरा हात समोर आडवा धरला, ताटावर धरायच्या तसा.

"साकु, शिवा," त्या म्हणाल्या. "साकु."

आणि नातवाच्या डोळ्यांत बघत घटाघटा पाणी प्यायल्या.