काउंटची बायको

उमराव जेवतानासुद्धा बसत नसे. ताट हातात घेऊन आमच्या सिंगापूरमधल्या क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या घालायचा. पोळी-भाजी खिडकीत, भात दाराशी. माझी मुलगी ओरडायची, "आई, अंकल वॉकिंग अगेन, लाह!"

मूळचा साताऱ्याचा, तिशीतला. आमच्याकडे एका खोलीत भाड्याने राहून युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होता, तीही फ्रान्समधल्या आठशे वर्षांपूर्वीच्या एका काउंटवर, म्हणजे तिकडच्या उमरावावर. म्हणून तो आमचा उमराव. ही नसती उठाठेव कशाला, असं मी एकदा विचारलंही. "वहिनी, लोकांच्या घरात डोकवायची खोडच आहे मला," म्हणाला आणि चिवड्याचा डबा घेऊन चालू लागला.

काउंटचं घर मला माझ्या सासरपेक्षा जास्त पाठ झालं. थोरला मुलगा बापावर उलटलेला, धाकटा लाडका, मुलीची सोयरीक आठव्या वर्षीच ठरलेली. बायकोची नावं मात्र कागदांत दोन, एमा आणि बेआत्रिस. "लग्नात बदललं असणार. माझी आई नाही का, माहेरची शालिनी, सासरची विजया!" मला ते लगेच पटलं. आमच्यात तसंच तर होतं. तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं की जुनं संपलं.

प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले असताना एका संध्याकाळी तो स्वयंपाकघरात आला आणि चक्क खाली बसला. एका मठाच्या दानपत्राची प्रत त्याच्या हाती लागली होती. काउंटने जमीन दिली होती एमाच्या आत्म्याच्या शांतीसाठी, आणि साक्षीला बायको म्हणून होती बेआत्रिस.

"दोघी होत्या, वहिनी. पहिली वारली. थोरला तिचा, म्हणून तो तसा पेटलेला. आणि मी तिचं मरणसुद्धा पुसून टाकलं."

अख्खा प्रबंध त्या एका बायकोवर उभा होता आणि उमरावाचा इथे राहायचा स्टुडंट पासही संपत आला होता. "कोण बघतंय? देऊन टाक," आमचे हे म्हणाले. मीही तेच म्हटलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते. त्याने मुदत मागितली, मिळाली नाही. प्रबंध त्याने दिला नाही.

निघायच्या दिवशी खाली टॅक्सी उभी होती. बॅग घेऊन तो लिफ्टपर्यंत गेला आणि परत आला.

"वहिनी, तुमचं माहेरचं नाव काय?"

लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. "मंदा," मी म्हटलं.

मुलगी माझ्या मागेच उभी होती.

"हू इज मंदा, आई?"