हरी गद्र्यांचा तोफगोळा

हरी गद्रे पोस्टातून निवृत्त झाले तेव्हा गावाने शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार केला. श्रीफळ त्यांच्याच बागेतलं होतं, पण तसं कुणी बोलून दाखवलं नाही.

आमची भेंडवाडी मुरुडच्या खाली, अगदी समुद्राला लागून. मागे डोंगर, मधे नारळी-पोफळीच्या बागा, पुढे पाणी आणि पाण्यात जुना किल्ला. एके काळी डोंगरावर आपल्या तोफा होत्या आणि त्या किल्ल्यावर डागल्या जात, असं जुनी माणसं सांगतात. किल्ला पडला नाही, हे मात्र ती जरा हळू सांगतात.

हरीकाकांना या लढाईचं वेड नोकरीत असल्यापासूनच होतं. पावसाळा सरला की समुद्राने वाळू ओढून नेलेली असते. तेव्हा ते वाकून वाकून किनारा पालथा घालीत आणि बोराएवढ्या शिशाच्या गोळ्या वेचून आणीत. गोळी खरी की खोटी हे ते चावून ठरवीत. मऊ लागली की खरी. अनुसूयाकाकूंनी त्यामुळे त्यांचा पाण्याचा पेला वेगळा काढला होता. गोळ्या लोणच्याच्या बरण्यांत राहत, आणि बरण्या भरल्या की घरभर पसरत. एकदा त्यांचे व्याही पानाच्या तबकातली गोळी सुपारी समजून अडकित्त्यात धरून बसले होते. अडकित्त्याचं पातं गोळीत रुतून बसलं, व्याही अबोल झाले आणि हरीकाका म्हणाले, बघा, तीनशे वर्षांनीसुद्धा काय चिवट आहे.

ऐकणारं माणूस मिळणं ही त्यांची खरी अडचण होती. एसटीत ते शेजारच्याला खिशातून गोळी काढून दाखवीत आणि किल्ल्याच्या वेढ्याची गोष्ट सुरू करीत. पुढे पुढे त्यांच्या शेजारची जागा मुरुडपर्यंत रिकामी राहू लागली.

मग एके दिवशी पोफळीच्या रोपासाठी आळं खणताना त्यांची पहार खणकन वाजली. खालून निघाला लोखंडी तोफगोळा, चांगला मोठ्या शहाळ्याएवढा. हरीकाकांनी तो दोन्ही हातांनी पोटाशी धरून ओटीवर आणला. चिंचेच्या कोळाने घासला, गंज काढला आणि पुन्हा चढू नये म्हणून रोज खोबरेल तेल चोळायला लागले. आठवड्यात तो असा काळाभोर चमकायला लागला की वाटेने जाणाऱ्या दोन बायकांनी त्याला कुंकू लावून नमस्कार केला.

ही बातमी गुणाजीच्या कानावर गेली. गुणाजी हा आमच्या विजयोत्सव समितीचा अध्यक्ष. विजय कुठला, हे समितीच्या नावात नव्हतं आणि कुणी विचारतही नसे. शेजारच्या गावाने एसटी थांब्यावर जुनी तोफ बसवून तिच्यावर रंगीत दिवे सोडले होते, तेव्हापासून गुणाजीला अन्न गोड लागत नव्हतं. त्याने गोळा पाहिला आणि हरीकाकांच्या पाया पडला. त्यांच्या घरात गोळ्यासाठी कुणी पाया पडण्याची ही पहिलीच वेळ.

गोळ्याची मिरवणूक निघाली. पुढे ढोलताशा, मधे फुलांनी सजवलेल्या टेम्पोत गोळा, त्याच्यावर हात ठेवून फेटा बांधलेले हरीकाका. आरती झाली, हार झाले आणि थांब्याजवळच्या नव्या चौथऱ्यावर गोळा बसला. खाली पाटी होती : ‘शत्रूच्या छातीत धडकी भरवणारा आपला तोफगोळा’.

हरीकाकांची पुतणी निवेदिता पुण्याला पुरातत्त्व शिकते. ती सुट्टीला आलेली होती, म्हणून गुणाजीनेच तिला दोन शब्द बोलायला उभं केलं. मुलगी सरळ होती. असं काही सापडलं की आधी सरकारला कळवायचं असतं, असं म्हणून तिने सुरुवात केली, तेव्हाच समितीतले काही जण चुळबुळले. मग तिने हात करून दाखवलं : तोफा तिकडे डोंगरावर, किल्ला तिकडे पाण्यात, आणि गोळा सापडला मधल्या बागेत.

“म्हणजे दोनच शक्यता आहेत,” ती म्हणाली. “एक तर हा आपला गोळा आहे आणि किल्ल्यापर्यंत पोचलाच नाही. नाहीतर हा किल्ल्यातून आलेला, त्यांचा गोळा आहे.”

टाळ्या वाजवायला उचललेले हात लोकांनी हळूच खाली घेतले.

संध्याकाळी समिती हरीकाकांच्या ओटीवर जमली. नेम चुकला असं पाटीवर लिहायला कुणी तयार नव्हतं. गोळा त्यांचा म्हणावा, तर सगळ्या गावाने मिळून शत्रूच्या गोळ्याची आरती केली होती. वाजंत्रीवाल्यांनी तर ती मोबाइलवरून सगळीकडे पाठवूनही दिली होती. निवेदिता म्हणाली, दोन्ही शक्यता लिहा, लोकांना विचार करू दे. त्यावर तिला आत काकूंना मदत करायला सांगण्यात आलं.

अखेर गुणाजीनेच मार्ग काढला.

“काका, गोळ्यात खोट न्हाय,” तो म्हणाला. “तो गावला ती जागा चुकीची हाय.”

गोळा किल्ल्याच्या पायथ्याशी, पाण्यात सापडायला हवा होता. तर तो तिथे सापडू द्यावा, एवढंच. ओहोटीला होडीने जायचं, किल्ल्याच्या अलीकडच्या खडकावर हरीकाकांनी पाण्यात उतरायचं आणि गोळा वर काढायचा. मोबाइलवर चित्रण होईल. बाग, आळं, पोफळ हे सगळं विसरायचं.

हरीकाका चिडले. तो मी माझ्या हाताने बागेतून काढला, म्हणाले. जिथे जे सापडलं तिथलंच ते सांगायचं, हा इतक्या वर्षांचा माझा नेम आहे, म्हणाले. बराच वेळ ते असं बोलत राहिले आणि गुणाजी मान डोलावत ऐकत राहिला. मग त्याने सांगितलं की नवी पाटी संगमरवराची असेल, तिच्यावर ‘संशोधक श्री. हरी गद्रे’ असं नाव असेल आणि दरवर्षी उत्सवाला पहिलं भाषण त्यांचं असेल, वेळेचं बंधन न घालता. हरीकाकांनी विचारलं, ओहोटी कधी आहे?

सदा कोळ्याच्या होडीतून सगळे निघाले. हरीकाका पुन्हा फेटा बांधून आले होते. खडकाशी होडी लागली, ते कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि गुणाजीने गोळा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पाण्याखाली नेला, कॅमेऱ्याकडे पाहिलं, चेहऱ्यावर आश्चर्य आणलं आणि गोळा वर उचलला. पण त्या सकाळीच चित्रणासाठी म्हणून त्यांनी त्याला चार थेंब तेल जास्त चोळलं होतं. गोळा हातातून सटकला, खडकावर आपटला, घरंगळला आणि पलीकडच्या खोल पाण्यात गेला. हरीकाकांच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य आता खरं होतं.

सदाने तीनदा बुडी मारली. प्रत्येक वेळी मूठभर चिखल घेऊन वर आला. भरती लागली तेव्हा शोध सोडावा लागला. गुणाजीने मोबाइलवाल्याला चित्रण पुसायला लावलं. होडी परत फिरली. हरीकाका ओल्या फेट्यासकट पाण्याकडे बघत बसले होते. वल्हं मारता मारता सदा म्हणाला, “चला, पोचला यकदाचा किल्ल्याला.”

त्याच्यावर सगळे खेकसले. आपण काय वावगं बोललो ते त्याला अजून कळलेलं नाही.

चौथरा मोकळा ठेवून चालण्यासारखं नव्हतं. समितीने सिमेंटचा गोळा करवला. मूळ गोळा जरा लहानच होता असं सगळ्यांचं मत पडलं, म्हणून हा चांगला हंड्याएवढा केला आणि त्याला काळा चकचकीत रंग दिला. निवेदिताने फोनवर विचारलं की एवढा मोठा गोळा जाईल अशी तोफ कुठे असते. गुणाजीने सांगितलं की आपली होती.

संगमरवरी पाटी मात्र ठरल्याप्रमाणे लागली. मागच्या उत्सवात हरीकाका पाऊण तास बोलले. किल्ल्याच्या पायथ्याशी पाणी किती गार होतं, खडकाच्या कपारीत गोळा कसा अडकला होता, हाताला पहिल्यांदा लोखंड लागलं तेव्हा अंगावर काटा कसा आला, हे त्यांनी सांगितलं. सांगताना ते नाटक करत नव्हते. पहिल्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. त्यांतल्या निम्म्या जणींनी तो गोळा बागेतून ओटीवर येताना पाहिला होता.

आता पावसाळा सरला तरी हरीकाका किनाऱ्यावर जात नाहीत. सहलीच्या गाड्या येतात, त्यांना चौथऱ्यापाशी माहिती सांगायला सकाळपासून उभं राहावं लागतं. शिशाच्या गोळ्या अनुसूयाकाकूंनी पोत्यात भरून माळ्यावर टाकल्या आणि बरण्या उन्हात वाळवून घेतल्या. यंदा त्यांनी कैरीचं लोणचं भरपूर घातलं आहे.