एका शिवराईच्या दोन

आमच्या घरातल्या एका शिवराईच्या मी दोन केल्या. हे कबूल करायला इतकी वर्षं गेली की ज्यांच्यापुढे कबूल करायचं, ते बाबा आणि अप्पाकाका दोघेही आता नाहीत.

शिवराई म्हणजे महाराजांच्या नावाचा तांब्याचा पैसा. आजोबांनी तो मालवणाहून आणून डिलाईल रोडच्या खोलीत देव्हाऱ्यात ठेवलेला. अप्पांना लालबागला खोली मिळाली आणि वाटणी निघाली. टोप वाटले, पाट वाटले, शिवराई एकच! रस्त्यावर दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" म्हणून घसा फोडत, आणि घरी आले की एकमेकांशी अबोला!

मी तेव्हा नाण्यांचा तज्ज्ञ होतो. (गिरगावात जुनी नाणी विकणाऱ्या अण्णांच्या दुकानात शनिवारी नुसतं उभं राहिलं की माणूस तज्ज्ञ होतो, असा माझा समज होता.) अण्णा सांगत, "सदा, खरं नाणं ठोकलेलं, त्याची अक्षरं धारदार. खोटं साच्यात ओतलेलं, त्याची मऊ, अंगावर बारीक भोकं आणि कडेला शिवण. आधी कड बघ, मग तोंड!"

खोटं ओळखता आलं की करताही येतं. परळला ओतकाम करणाऱ्या माझ्या पांडू नावाच्या मित्राने आमच्या शिवराईवरून साचा घेतला, दुसरी ओतली. कड मी कानशीने घासली आणि ती मीठ घातलेल्या ताकात मुरत ठेवली. काय हिरवट म्हातारपण आलं तिला! (आई त्याच ताकाची कढी करायला निघाली होती. घराणं थोडक्यात वाचलं.)

आजोबांची शिवराई बाबांना दिली. "खरी तुमच्याकडे. अप्पांना खोटी देतोय. बोलू नका." मग लालबागला जाऊन पांडूची अप्पांना दिली. शब्द तेच! दोघे भाऊ खूश. एकमेकांकडे बघून दयेने हसायलासुद्धा लागले.

मग चाळीत शिवजयंती आली. तसबिरीला हार घालून झाल्यावर बाबांनी रुबाबात शिवराई तबकात ठेवली. पलीकडून अप्पांचाही हात आला. टण्ण!

"अप्पा, उचल ती. महाराजांच्या फुडे खोटा नाणा?"

"खोटी तुझी आसा, दादा!"

"कोण म्हणता?"

"सदान सांगल्यान माका!"

"माका पण सदानच सांगल्यान!"

सगळी चाळ माझ्याकडे वळली. महाराजही तसबिरीतून माझ्याचकडे बघतायत असं वाटलं. मी म्हटलं, "अण्णांनाच विचारू." (मनात म्हटलं, दुकान बंद असू दे देवा!)

दुकान उघडं होतं. बाबा, अप्पा आणि साक्षीला आलेली अर्धी चाळ दारात उभी. अण्णांनी भिंग लावलं, दोन्ही कडांवरून नख फिरवलं.

"दोन्ही ओतलेल्या."

दोन्ही? मी तर एकच ओतवून घेतली होती! अप्पांच्या डोळ्यांत मात्र टचकन पाणी!

"दादा! एक देव्हाऱ्यात, एक लपवन, बापाशीन आमका दोगांका सारख्योच करून ठेवल्यान रे!"

"देवमाणूस तो!" म्हणत बाबांनी त्यांना मिठी मारली. अबोला संपला. साक्षीदारांनी डोळे पुसले. अण्णांनी मला हळूच जवळ ओढलं.

"ही हिरवी तुझी. ताकात घातलीस ना? दुसरी जुनी आहे. ती ज्याने केली त्याने कड तुझ्यापेक्षा छान घासलीय."

तेव्हा मला आठवलं, गावी आजोबांचीही भावाशी वाटणी झाली होती, आणि तिथेही शिवराई एकच होती. आणि मी तज्ज्ञ! खोट्यावरून खोटं काढलं, पण घरच्या देव्हाऱ्यातल्या नाण्याची कड एकदाही बघितली नाही!

बाबांची शिवराई आता माझ्याकडे आहे. मला दोन मुलगे. दोघांचाही डोळा देव्हाऱ्यावर. कालच परळला जाऊन पांडूची चौकशी करून आलो. या खेपेला कड मात्र नीट घासणार!